लाख खाणारा रोगी

आम्ही म्हातारे डॉक्टर जमलो की एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याला आठवतो. बाकीचे हसतात. गोंदियाचे किस्से सांगताना माझं मात्र अजून डोकं तापतं!

इंग्रजी अंमल होता. 'नर्व्ह'चे रोगी बघायला आम्हा विद्यार्थ्यांना नागपूरहून महिनाभर गोंदियाच्या एका दवाखान्यात धाडलं होतं. तिथे सोमा होता, सालेकशाकडचा शेतमजूर. पाय ताठ, टाचा टेकत नव्हत्या. आमच्याबरोबर आलेल्या सरांनी त्याच्या गुडघ्याखाली हातोडी मारली आणि पाय उडाला तो थेट त्यांच्या पोटात!

सोमानं हात जोडले, "मी नाई मारलो जी, पायच मारते!"

*

सर त्याला रोज चालून दाखवायला लावायचे. भिंत धरून, पायात पाय अडकवत तो वॉर्डभर फिरायचा आणि आम्ही वह्या भरायचो. त्याला बसायला सांगावं हे कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही!

एकदा तो म्हणाला, "इतक्या चालन्यात तं मी घरी पोचलो असतो जी!"

सर म्हणाले, "व्हेरी गुड. अगेन!"

*

आमच्यातल्या पुण्याच्या जोशीनं विचारलं, "काय खातोस?"

"लाख."

जोशीला लाख ठाऊक ती बांगड्यांची. त्यानं केसपेपरवर ठोकून दिलं, 'रोगी बांगड्यांची लाख खातो.' सरांनी वेडावर तासभर लेक्चर झोडलं. सोमाला वेड्यांच्या इस्पितळात धाडायचा कागदही तयार झाला!

मी तिकडच्याच केशोरी गावचा. न राहवून ओरडलो, "सर, लाख म्हणजे लाखोरीची डाळ! धान निघाल्यावर भाताच्या बांधीत होते ती!"

"मग आधी का नाही बोललास?"

"विचारलं कुणी?"

*

सरांनी पुस्तक उघडलं. रोज तीच डाळ खाल्ली की पाय कायमचे जातात, असं त्यात स्वच्छ छापलेलं होतं. लगेच हुकूम सुटला, "लाख बंद! नाहीतर उरलेलं चालणंही जाईल."

"बंद करतो जी. मंग खाऊ काय? मालगुजार मजुरीत लाखच देते."

"तो आपला विषय नाही," सर म्हणाले.

असा संताप आला! मी स्वतःच त्याच्या गावच्या जमीनदाराला, त्या मालगुजारांना चिठ्ठी लिहिली, 'याचे पाय वाचवायचे तर मजुरीत तांदूळ द्या.'

*

चिठ्ठी वाचून मालगुजार स्वतः आले. सरांनी हार घातला, चहा झाला. त्यांनी पितळी मुठीची एक काठी सोमाच्या हातात दिली आणि म्हणाले, "आमच्या माणसाला आमच्याकडून!" सरांनी टाळ्या वाजवल्या. आम्हालाही वाजवाव्या लागल्या.

सोमानं काठी उलटसुलट करून बघितली.

"मालक, आनखी दोन द्या जी. घरी बायको अन् पोरगी बी लाखच खाऊन राहिल्या."