शिकरण आणि लवंग

आमचे विनायकभाऊजी निर्व्यसनी नव्हते. ते बिअर बनवायचे.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. सकाळपासून नातेवाइकांच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आहे. साधे, सरळ, आयुष्यभर निर्व्यसनी.

बिअरचं नाव एकानेही काढलं नाही. जणू माणूस नोकरीतून रिटायर झाला आणि थेट फोटोच्या चौकटीत जाऊन बसला.

म्हणून मी लिहिते आहे. ज्यांना संकोच वाटतो त्यांनी खुशाल स्क्रोल करावं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. सगळी नोकरी इथेच, भोपाळच्या कारखान्यात, इंजिनीअर म्हणून. माझ्या मुलाने, अमेयने, अरेरा कॉलनीत स्वतःची बिअर बनवणारं रेस्टॉरंट काढलं, तेव्हा भाऊजी "टाक्या आणि पाइप मला कळतात" म्हणून बघायला गेले आणि तिथलेच झाले.

गव्हाची बिअर त्यांची. गहू शरबतीच हवा, आणि तो करोंद मंडीत जाऊन, तळहातावर चोळून, स्वतः आणायचा. अमेय म्हणायचा, काका, फोन केला की पोतं दारात येतं. काका ऐकून घ्यायचे आणि मंडीत जायचे.

पण बनवताना त्यांनी बिअरची चव कधीही घेतली नाही.

हे आमच्या सासूबाईंचं. नैवेद्य दाखवल्याशिवाय स्वयंपाकाची चव घ्यायची नाही. आमटीत गूळ कमी पडलाय हे त्यांना वाफेवरून कळायचं. "चव घेणं आपल्या हातात आहे. वास नाकात शिरतो, त्याला देव तरी काय करणार," असं म्हणायच्या. भाऊजी त्यांच्याच हाताखाली स्वयंपाक शिकले. तोच नियम त्यांनी टाकीला लावला. पहिला ग्लास गिऱ्हाइकाचा, तोवर फक्त वास.

आणि मग एका तापात त्यांचा वासच गेला.

डॉक्टर म्हणाले, येईल परत. आला नाही.

त्याच हिवाळ्यात भोपाळला क्राफ्ट बिअरचा मोठा फेस्टिव्हल होता. देशभरातले ब्रुअर येणार, स्पर्धा होणार. अमेयने काकांची गव्हाची बिअर स्पर्धेत घातली होती. दोन टाक्या तयार होत्या. कुठली पाठवायची हे काकांनी ठरवायचं होतं, आणि काकांना उदबत्तीचाही वास येत नव्हता.

अमेयला सांगितलं असतं तर त्याने प्रेमाने, पाया पडून, त्यांना घरी बसवलं असतं. ते त्यांना पक्कं माहीत होतं.

म्हणून ते माझ्याकडे आले. "वहिनी, तुमचं नाक द्या."

मी शाळेत शिकवलं. तास चालू असताना कुणी डबा उघडला आणि त्यात काय आहे, हे मी फळ्याकडे तोंड करून सांगत असे. पण बिअर? आणि आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी तर शिकवलेलं की सभ्य मुलगी पुढ्यात आलेल्या पदार्थाचा वास घेत नाही. रिटायर होईपर्यंत मी सभ्य राहिले. पुरे झालं.

पहिल्या टाकीतला ग्लास नाकाशी धरला. म्हटलं, शिकरण.

"अजून?"

"अजून काही नाही. नुसतं शिकरण."

दुसऱ्या टाकीतला घेतला. "यातही शिकरण आहे. पण कुणीतरी त्यात लवंग टाकलीय. कोणी टाकली? शिकरणात लवंग घालतात का?"

भाऊजी हसले. त्या तापानंतर पहिल्यांदा. म्हणाले, कोणी काही टाकलेलं नाही, ही बिअर जमली की केळं आणि लवंग आपोआप येतात. दुसरी पाठवायची.

फेस्टिव्हलला मी सिल्कची साडी नेसून गेले. गेटवरचा टी-शर्टवाला मुलगा म्हणाला, "आंटीजी, फूड कोर्ट उधर है।" मी म्हटलं, "बेटा, हम कॉम्पिटिशन में हैं।" त्याने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी म्हणाले, "ये सही कह रही हैं।"

मैदानभर दाढीवाली पोरं, कानठळ्या बसवणारं संगीत, आणि बसायला एक खुर्ची नाही.

आम्हाला तिसरं बक्षीस मिळालं.

परीक्षकांमधल्या एक बाई नंतर आमच्या स्टॉलवर आल्या. केळं आणि लवंगेचा असा तोल क्वचित सापडतो म्हणाल्या, आणि विचारलं, तुमच्याकडे वासाची परीक्षा कोण करतं? अमेय अभिमानाने काकांकडे बोट दाखवणार, तेवढ्यात भाऊजी म्हणाले,

"माझ्या वहिनी. मला वास येत नाही."

अमेयच्या हातातला ट्रे तसाच राहिला. मला वाटलं, झालं. आता हा यांना घरी बसवणार.

त्याने ट्रे टेबलावर ठेवला. मग मला म्हणाला, "आई, सोमवारपासून तूही ये."

मेडल भाऊजींनी माझ्या पर्समध्ये टाकलं आणि म्हणाले, चहा प्यायचाय. त्या अख्ख्या मैदानात इतक्या तऱ्हांची बिअर होती आणि एक कप चहा नव्हता. संयोजकांना मी तसं स्पष्ट सांगितलं. मग आम्ही टी. टी. नगरला जाऊन टपरीवर उभे राहिलो.

"वहिनी, यात आलं आहे का?"

"आहे. भरपूर."

"मग चांगला असणार," म्हणाले, आणि मजेत प्यायले.

त्यानंतर ते गेले त्या आठवड्यापर्यंत प्रत्येक टाकीला आम्ही दोघं. ते विचारायचे, "जमलंय का?" मी सांगायचे. माझ्या शब्दावर त्यांनी एकदाही शंका घेतली नाही. आमच्या घराण्यात हा मान मला दुसऱ्या कोणी दिलेला नाही.

बिअरची चव मला आजही आवडत नाही. पण सोमवार चुकवत नाही.

आज नवी टाकी उघडली. पहिला ग्लास त्यांच्या फोटोपुढे ठेवलाय. चव कोणीही घेतलेली नाही.

ग्रुपवाल्यांची श्रद्धांजली त्यांना पोचली असेलच. माझ्याकडून एवढंच,

भाऊजी, जमलंय. लवंग आहे.