उतरायला शिकवणारे सर

खेळाडू खोक्यावर चढला की सर त्याच्याकडे पाठ करायचे.

गुडघाभर उंचीचं साधं लाकडी खोकं. सातिवलीच्या एका गोदामात यंत्राचे सुटे भाग भरून आलं होतं, ते सरांनी मागून आणलेलं. खेळाडूने त्यावरून खाली उडी टाकायची आणि दोन्ही पायांवर उतरायचं. सर भिंतीकडे तोंड करून, हात मागे बांधून नुसते ऐकायचे.

"धप्प आलं. परत."

दुसरी उडी.

"उजवा आधी टेकला. परत."

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ही शुद्ध नाटकं वाटली. मी माणिकपूरच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस. माझा आवाज बरा, म्हणून वसईतल्या अर्ध्या समारंभांचा माइक माझ्या हातात असतो. त्यामुळे नाटकी माणसं ओळखण्याचा मला थोडाफार सराव आहे. मी सरांना विचारलं, बघत का नाही?

"डोळे फसतात, गुरुजी. पोरगं देखनं असलं की उडी पन देखनी वाटते. आवाजाला तोंड नसतं."

सर मिठागरांच्या गावचे. 'ण' त्यांनी लिहिण्यापुरताच ठेवला होता. ते आमच्या फुटबॉल क्लबचे शारीरिक तयारीचे प्रशिक्षक होते. क्लब पगारी खेळाडूंचा, मालक बांधकाम व्यावसायिक, आणि मी तिथे पत्रं, पत्रकं व निवेदन सांभाळणारा. गोल कसा करायचा हे शिकवायला दुसरे प्रशिक्षक होते. सरांचं काम एवढंच, की खेळाडू मोडू नये. आता न मोडलेल्या माणसाचा फोटो कुठल्या पेपरात येतो? सर आले तेव्हापासून मांडीचे स्नायू फाटून बाहेर बसणाऱ्यांची रांग आटत गेली, हे मालकांच्या लक्षात आलंच नाही. बाकावरची जागा रिकामी दिसली की त्यांना वाटायचं, गर्दी कमी झालीय.

सरांकडे साधनं म्हणजे ते खोकं, खडू, मोजपट्टी आणि कोळीवाड्यातून आणलेली दोन निळी पिंपं. सरावानंतर पिंपात बर्फ टाकून खेळाडूंना कमरेपर्यंत बसवत.

"सर, मच्छी का बास मारता है," एकजण नाक धरून ओरडला.

"बोंबील एवढा ताजा राहतो, तू का नाय राहनार? बस गप."

मालकांना एकदा बाहेरच्या पाहुण्यांपासून पिंपं लपवावी लागली. तेव्हापासून त्यांच्या मनात खेळाडूंच्या तयारीचं चकचकीत 'हाय परफॉर्मन्स सेंटर' शिरलं.

सरांचा स्वतःचा डावा गुडघा वाकत नसे. तरुणपणी ते एका कंपनीच्या संघात खेळायचे. अंतिम सामन्याच्या सकाळी दुखऱ्या गुडघ्यात इंजेक्शन देऊन त्यांना उतरवलं. संघ जिंकला. करंडक त्या कंपनीच्या कपाटात गेला, पुढे कंपनीही गेली. सरांनी ही गोष्ट मला एकदाच सांगितली, तीही बर्फ फोडता फोडता.

आता साहिलविषयी. फुलपाड्याचा पोरगा, बावीस वर्षांचा, आमचा सगळ्यात चांगला स्ट्रायकर. एका सामन्यात त्याच्या उजव्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला आणि शस्त्रक्रिया झाली. गोव्याच्या एका मोठ्या क्लबने निरोप दिला होता की पाय पूर्ण बरा झाला तर पुढच्या हंगामात घेऊ. साहिलचं सगळं त्या 'तर'वर टांगलेलं. सर रोज सकाळी त्याला तासभर घेऊन बसत. एका पायावर उभं करत, मग डोळे मिटून, मग कोणी हळूच ढकललं तरी उभं. जमिनीवर खडूने रेघ ओढून ते एका पायाची झेप मोजायचे. दुखरा पाय धडधाकट पायाइतका लांब जाईपर्यंत सुट्टी नाही, हा नियम.

सहावा महिना संपत आला आणि मालकांचं सेंटर तयार झालं. काचा, आरसे, परदेशी यंत्रं. उद्घाटनाला नेते येणार होते आणि त्या गोव्याच्या क्लबचा माणूसही. मालकांना साक्षात चमत्कार दाखवायचा होता: साहिल खोक्यावरून उडी मारेल आणि दोन्ही पायांवर उतरेल, सेंटरचं यश म्हणून. जे सेंटर अजून उघडलंच नव्हतं, त्याचं यश!

"नऊ महिन्यांच्या आत उडी नाय," सर म्हणाले.

"अहो नऊ महिने काय? बाळंतपण आहे का?"

"बाळंतपन असतं तर साहेबांनी घाई केली असती का?"

मालक हसले. त्यांना हसता यायचं, तीच पंचाईत होती. "सर, एकच उडी. मी जबाबदारी घेतो."

"उडीला काय होत नाय, साहेब. होतं ते उतरताना. आनि जबाबदारी गुडघ्यात घालता येत नाय."

त्या संध्याकाळी सरांनी ते खोकं स्कूटरच्या पायरीवर उभं केलं, दोरीने बांधलं आणि घरी घेऊन गेले. खोकंच नसेल तर उडी कशावरून मारतील, असा साधा हिशेब. साहिललाही सांगून ठेवलं, "उद्या ताप आला म्हन. मी डॉक्टरला सांगतो."

तुम्ही असे समारंभ पाहिलेच असतील. एखादी वस्तू नसल्यामुळे ते कधी अडत नाहीत. मंडपवाल्याने रातोरात नवं खोकं ठोकून दिलं, सरांच्या खोक्यापेक्षा वीतभर उंच, कारण मागच्या रांगेला दिसायला हवं. त्याला क्लबच्या रंगाचं साटीन गुंडाळलं. आणि सेंटरच्या रबरी जमिनीवर, बरोबर उतरायच्या जागी, पाहुण्यांसाठी लाल गालिचा अंथरला. रबराची ती जमीन खेळाडूचा पाय घसरू नये म्हणून बसवलेली. तिच्यावर गालिचा! इतक्या माणसांपैकी एकाच्याही मनात काही आलं नाही. माझ्याही नाही. मी निवेदनातल्या उपमा तपासत होतो.

साहिलला ताप आला नाही. "सर, तो गोव्याचा माणूस आलाय. मी नाही दिसलो तर त्याला वाटेल मी खतम," तो दारात म्हणाला. सर मालकांकडे गेले, मग संघाच्या मॅनेजरकडे, मग माझ्याकडे.

"गुरुजी, त्याचं नाव घेऊ नका. पान उलटा आनि पुढे वाचा."

मी म्हणालो, "सर, कार्यक्रमपत्रिका छापून झालीय."

हे वाक्य मी बोललो. आजही ते आठवलं की मला माझ्याच कानाखाली द्यावीशी वाटते.

मी माइकवरून साहिलचं नाव घेतलं. तो खोक्यावर झक्क चढला. टाळ्या झाल्या. सर शेवटच्या रांगेमागे भिंतीकडे तोंड करून उभे होते. साहिलने खाली उडी टाकली, गालिचा सरकला, आणि उजवा गुडघा आत वळला. मी म्हणत होतो, "सहा महिन्यांपूर्वी हाच पाय..." आणि वाक्य पूर्ण केलं. ठरलेल्या इशाऱ्याप्रमाणे बँड सुरू झाला. साहिल खाली बसलेला पाहून काहींना वाटलं, तो नमस्कार करतोय. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

त्या गोंगाटात उतरण्याचा तो आवाज फक्त सरांनी ऐकला. मी वर पाहिलं तेव्हा ते न वाकणारा पाय फरफटत, खुर्च्या ढकलत येत होते. नेत्यांच्या अंगरक्षकाने त्यांना अडवलं. सरांनी त्याचा हात असा बाजूला केला, जसा कोणी पडदा सारतो.

दोन दिवसांनी मालकांनी मला पत्रक लिहायला सांगितलं. 'तंदुरुस्ती विभागाच्या मूल्यमापनातील त्रुटीमुळे' असा शब्दप्रयोग त्यांनीच सुचवला. मी शुद्धलेखन सुधारलं. सरांना क्लबमधून मुक्त केल्याचं त्याच पत्रकात शेवटच्या ओळीत होतं. छापायला देण्यापूर्वी सरांना दाखवावं एवढी लाज माझ्यात शिल्लक होती, म्हणून घरी गेलो. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं, माझ्या खिशातलं पेन काढलं. 'डावा गुडघा' लिहिलं होतं, त्यातलं 'डावा' खोडून 'उजवा' केलं.

"गुरुजी, पाय तरी बरोबर लिहा."

दोन शिव्या दिल्या असत्या तर मी हलका होऊन परतलो असतो. त्यांच्या पत्नीने चहा आणला, तोही मी प्यायलो.

साहिलचं दुसरं ऑपरेशन झालं. गोव्याहून पुन्हा निरोप आला नाही. सर मात्र वर्षभर रोज सकाळी फुलपाड्याला जात राहिले. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दोन मोटारींच्या मधल्या जागेत त्याचा पाय घडवायचे. वॉचमन विचारायचा, सोसायटीची परवानगी आहे का? सर त्यालाही एका पायावर उभं करायचे. वर्षाच्या शेवटी त्यांनी पुन्हा रेघ ओढली, तीन वेळा झेप मोजली, मोजपट्टी गुंडाळून खिशात घातली.

"चालशील, धावशील, पोरांना शिकवशील. पन सामना खेळायचा नाय."

"सर, एकदा अजून मोजा ना."

"मोजलं, बाळा."

साहिल दोन महिने त्यांच्याशी बोलला नाही. ज्यांनी त्याला खोक्यावर चढवलं त्यांच्याशी तो हसून बोलायचा, आणि ज्यांनी खरं सांगितलं त्यांच्यावर रुसला. ते सरांना चालत होतं. मला अजून चालत नाही. पुढे साहिल माणिकपूरच्या एका मैदानात लहान मुलांना शिकवू लागला आणि सर कठड्यावर बसून पाहू लागले.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सर झोपेतच गेले. प्रार्थनासभेला क्लबमधून कोणी आलं नाही. आणि यंदाच्या वार्षिक समारंभात मालकांनी त्यांना जाहीर केला जीवनगौरव पुरस्कार. मानपत्र अर्थातच मी लिहायचं. मी त्यात गालिचा लिहिला, साटीन लिहिलं, माझं पत्रकही लिहिलं. मालकांनी पेन्सिलीने सगळं खोडलं आणि वर लिहिलं, 'क्लबच्या जडणघडणीत मोलाचा वाटा'.

समारंभात टेबलावर सरांचा फोटो, त्याला झेंडूचा जाड हार. फोटोला मालकांनी शाल पांघरवली, कॅमेऱ्याकडे पाहत. मग मी पत्रिकेप्रमाणे साहिलला सरांच्या वतीने पुरस्कार स्वीकारायला बोलावलं.

तो आला. मालकांनी पुढे केलेल्या हाताकडे त्याने पाहिलंही नाही. आधी शाल काढून खुर्चीवर ठेवली, मग हार उतरवला, मग फोटो काखेत मारला.

"हे काय, साहिल?" मालक हसत म्हणाले. कॅमेरा चालू होता.

"सरांना घरी सोडतो."

तो उजवा पाय जपत मंचावरून उतरला आणि मधल्या वाटेने बाहेर गेला. मालकांनी मला खूण केली, काहीतरी बोला. माझ्या हातातल्या कागदावर पुढचं नाव होतं. मी ते घेतलं नाही. टेबलावर हार गोल पडून होता, आत फक्त टेबलाची फळी दिसत होती.