परीक्षेला न येणारी परांची

लातूरला मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. शेजारच्या वर्गातले बायोलॉजीचे सर जादा प्रश्न आला की डस्टर आपटायचे, "परीक्षेला येत न्हाई. फुडं चला!"

एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, आईला कॅन्सर हाय. त्या पेशी वाढायच्या थांबत का न्हाईत?"

डस्टर वाजला नाही, म्हणून मी दारातून डोकावलो. सरांनी चार पोरं कवळून धरली होती. "भूकंपानंतर घरं बांधताना बांबूची परांची बघितली न्हवं? तसंच पेशीत एक प्रोटीन बाकीच्या प्रोटीनांना जवळ धरतं. कॅन्सरात वाढायचा निरोप त्यांच्यातनं पोचतच ऱ्हातो." 'वाढ' हा निरोप म्हणून दिलेला खडू हातोहात पलीकडं पोचला. मग सरांनी पोरं पांगवली, परत खडू दिला. तो मधेच पडला.

"मोडली परांची! निरोप पोचलाच न्हाई!"

वर्गानं बाकं बडवली. ती मुलगी सगळ्यात जोरात.

"परीक्षेला येत न्हाई," सर म्हणाले, "पण लिहून घ्या. उद्या ती परांची मोडायची तुम्हालाच हाय."