एकदा सांगितलं की झालं

गेल्या वैशाखात, हळदीच्या दिवशी सकाळी, उरणकडच्या एका गावात मांडवातलं धवल्याचं गाणं मध्येच संपलं. हळद अजून कुटून व्हायची होती, बायकांच्या हातातलं मुसळ वर गेलेलं होतं आणि गाणाऱ्या बाईच्या हातातला कागद संपला होता. तो कागद तयार करणारा माणूस म्हणजे माझ्या वहिनीचा धाकटा भाऊ. एखादी गोष्ट दुसऱ्यांदा ऐकण्याची इतकी चीड असलेला माणूस उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर दुसरा नसावा. दुसरा असता, तर पहिल्यानं त्याला काढून टाकलं असतं.

वहिनीचा भाऊ न्हावा शेव्याला मालवाहतुकीच्या एका कचेरीत कामाला आहे. तिथं रोज कंटेनरच्या नंबरांच्या याद्या येतात. गोदामवाला एक पाठवतो, ट्रकवाला तीच पाठवतो आणि कुणाला मिळाली नसेल म्हणून साहेब तीच पुन्हा पाठवतात. एकाच कंटेनरसाठी दोन ट्रेलर दारात उभे राहिले की शिव्या मात्र याला. त्यावर उपाय म्हणून त्यानं एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्याला चित्र नाही, बटण नाही, माउस लागत नाही. काळ्या पडद्यावर एक शब्द टाइप करायचा, पुढे फाइलचं नाव लिहायचं आणि एन्टर दाबायचं. आधी येऊन गेलेली ओळ पुन्हा आली की ती गळते. पहिली राहते, बाकीच्या जातात. प्रोग्रामचं नाव ‘एकदा’. असलं काम करणारी तयार आज्ञा संगणकात पूर्वीपासून असते, हे मी त्याला सांगून पाहिलं. “ती नको,” तो म्हणाला. “तिला लागून बसलेल्याच दोन ओळी कळतात. मधी तिसरी येऊन बसली की ओळख विसरते. माझा नाय विसरत.” लोक मुलाचे दहावीचे मार्क ज्या सुरात सांगतात, त्या सुरात त्यानं हे सांगितलं.

अडचण एवढीच की हा प्रोग्राम कचेरीत राहिला नाही, माणसात उतरला. बायकोनं “जेवलात का?” म्हणून विचारलं आणि उत्तर न ऐकता पुन्हा विचारलं, तर तो ताटावरून मान वर न करता म्हणतो, “हे झालं.” गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी तीच ती फुलं येतात, त्यानं ‘ही मंगळवारी आली होती’ असं खाली लिहायला सुरुवात केली, तेव्हा त्याला ग्रुपमधून काढलं. परत घेतलं आणि पुन्हा काढलं. काढण्याबद्दल त्याची तक्रार नव्हती, ते दोनदा झालं याबद्दल होती. मी विनोद सांगायला लागलो की पहिल्या वाक्यालाच तो एक बोट वर करतो. “जुना. रेवसच्या धक्क्यावर सांगितलावतास. लाँच चुकली होती तवा.” विनोद कुठला हे मला आठवत नसतं, लाँच चुकल्याचं मात्र खरं निघतं.

घरातल्या एका लग्नाच्या आमंत्रणांची यादी त्यानं ‘एकदा’मधून काढली होती. गावात एकाच नावाचे दोन म्हातारे आहेत. त्यांच्या वडिलांचं नावही एकच आणि आडनाव तर निम्म्या गावाचं तेच. एकाची होडी आहे, दुसऱ्याचं मिठागर होतं. प्रोग्रामनं होडीवाला ठेवला. मिठागरवाला लग्नाला आला नाही आणि नंतर वर्षभर समोरून आला की रस्ता बदलायचा. शेवटी वहिनीचा भाऊ नारळ घेऊन त्याच्या दारात गेला. म्हातारा म्हणाला, “मना वगळलास त्याचा राग नाय रं. पन त्याला ठेवलास?” त्यावर हा तीन दिवस विचार करत होता. प्रोग्राम बदलला का, असं मी विचारलं. “प्रोग्राम बरोबर हाय,” तो म्हणाला. “नावं चुकीची हायत.”

त्याचा थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. त्याचं नाव हिराजी. ते त्याच्या आजोबांचं. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव मिळायचं, अशी त्या घराची रीत. समाचाराला माणसं येत होती आणि येणारा प्रत्येक जण “लय वाईट झालं” एवढंच म्हणून खाली बसत होता. हा दाराशी उभा होता. चौथ्या-पाचव्या माणसाला तो म्हणाला, “हे आलंय. पुढं बोला.” वहिनीनं त्याला आत ओढून नेलं. “तुला काय जनाची लाज हाय का नाय रं?” तेव्हापासून भावाचं नाव त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं, असं वहिनी सांगते. मी इतर दोघांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं.

वैशाखातलं लग्न या हिराजीच्या मुलीचं होतं. त्यांच्याकडे लग्नाचे विधी भटजीच्या आधी धवलारीण लावते, तेही गाण्यातून. त्या गाण्यांना धवले म्हणतात. धवल्यात आधी देवांना मांडवात बोलावतात, मग घरातल्या गेलेल्या माणसांना. गावची धवलारीण म्हणजे वहिनीची मावशी. तिच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि डॉक्टरांनी गाणं बंद केलं होतं. चाली तिच्या सुनेला पाठ होत्या, कारण ती इतकी वर्षं मागे उभी राहून सूर धरायची. शब्द मात्र सगळे एकट्या मावशीकडे. म्हणून वहिनीच्या भावावर काम आलं. तो रविवारी मावशीच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसायचा. ती कुजबुजत एकेक ओळ सांगायची, तो टाइप करायचा. कुजबुजीला चाल नसते. त्याला फक्त ओळी ऐकू येत होत्या, आणि त्याच त्या ऐकू येत होत्या.

सगळं लिहून झाल्यावर त्यानं फाइलवर ‘एकदा’ चालवला. मूळ प्रत ठेवायची त्याची पद्धत नाही, कारण ती म्हणजे पुन्हा तेच. हळदीच्या आदल्या दिवशी त्यानं छापलेला कागद सुनेच्या हातात दिला. तिनं तो उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

“भावजी, एवढाच?”

“बाकी सगळा तोच होता.”

सकाळी नवरी पाटावर बसली. उखळात हळकुंडं पडली. सुनेनं पहिल्या देवाचं नाव घेतलं, मग खालची ओळ: “येवा रं येवा, मांडवाला येवा.” त्या ओळीवर मुसळ खाली आलं. पुढची ओळ गावदेवीची. तिच्याखाली वेशीवरचा देव, त्याच्याखाली खाडीवरचा. ‘येवा रं येवा’ कुठंच नव्हतं. ते एकदा येऊन गेलं होतं. मुसळाला पडायला जागा मिळेना. सून न्हावा शेव्याची यादी वाचावी तशी नावं वाचत गेली. उखळाशी बसलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “आगो, पयल्या देवालाच बोलावनं गेलाय. बाकीचे काय बांधावं उभे ऱ्हायचे?” मांडव हसला. वहिनीचा भाऊही हसला, असं मला त्या वेळी वाटलं.

मग घरची माणसं आली. “घरचे हिराजी बाबा,” सून म्हणाली. हे नवरीचे पणजोबा. त्यानंतर दोन आज्या, एक काका, आणि कागद संपला. सून थांबली. नवरीनं पाटावरूनच मान वळवली.

“काका, बाबांचं नाव?”

तो खांबाला टेकून उभा होता. त्यानं सुनेच्या हातातून कागद घेतला, वरून खाली पाहिला. हसणं बंद झालं होतं. मावशीनं गळ्यावरचा रुमाल सोडला आणि तोंड उघडलं. “मावशे, तू नको,” तो म्हणाला. “तुला बंद हाय.” त्याला गाता येत नाही, शाळेत प्रार्थनेला त्याला मागच्या रांगेत उभा करत. तो उखळाजवळ आला आणि ज्या आवाजात गेटवर ट्रेलरचे नंबर पुकारतात त्या आवाजात म्हणाला, “घरचे हिराजी बाबा.” मग पुढची ओळ: “येवा रं येवा, मांडवाला येवा.”

मुसळ खाली आलं. मावशीनं हातानं खूण केली, पहिल्यापासून. सून पुन्हा पहिल्या देवापासून सुरू झाली आणि प्रत्येक नावाखाली ‘येवा रं येवा’ यानं म्हटलं. चुकीच्या सुरात, एकही न गाळता. म्हातारी मध्येच म्हणाली, “आरं, हा झाला ना?” तो म्हणाला, “होऊं दे.” शेवटी भावाचं नाव आलं तेव्हा तेही त्यानंच घेतलं. हळद कुटून होईपर्यंत ऊन घराच्या पायरीवर आलं होतं.

लग्नानंतरच्या रविवारी तो पुन्हा मावशीच्या ओट्यावर बसला. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं. मीही होतो. ती कुजबुजत होती, तो टाइप करत होता.

“ही मगाशी लिवलीस ना रं?” मावशीनं विचारलं.

“लिवली. परत सांग.”

मावशीचं ऑपरेशन झालं आहे. बोलते, गात नाही. धवल्यांची फाइल मी पाहिली आहे. तिच्यावर ‘एकदा’ चालवलेला नाही. ‘घरचे हिराजी बाबा’ ही ओळ तिच्यात दोनदा आहे.