खाडीतलं लांबट कालव

प्रॅक्टिकलच्या ट्रेमध्ये शिंपल्यासकट दोन कालवं होती. एक उघड्या समुद्राच्या खडकावरचं, गोलसर. दुसरं मी आमच्या खाडीतून आणलेलं, लांबट आणि चिंचोळं. प्रजाती एकच.

"हे असं वाकडं काय गं? तुमच्याकडे सगळंच असं असतं का?" शेजारची मुलगी म्हणाली आणि अख्खं टेबल हसलं.

चिखलात गाडलं जाऊ नये म्हणून खाडीतलं कालव उभं, वर वर वाढतं. खडकावरच्याला ती धडपड करावीच लागत नाही. तरी वाकडं ठरतं ते आमचंच. तू गोल का, असं त्याला कुणी विचारत नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. माझं बोलणंही इथे असंच उलटंपालटं करून बघतात. मला त्याची चीड येते, आणि ती जावी असंही वाटत नाही.

सर म्हणाले, "कपाटात नमुना म्हणून गोल ठेवा."

"सर, मग चिठ्ठीवर 'खडकावरचं' असंही लिहायला हवं ना? नुसतं 'कालव' लिहिलं तर ते खोटं होईल." मी म्हणाले.

"दोन्ही ठेव," सर म्हणाले.

"अगं, गंमत केली मी," शेजारची पुटपुटली.

मी तिच्याकडे बघून हसले नाही.