लाव्यांना हाक मारावी का?

मित्रहो, आज सकाळी आमचे शेजारी हान्स यांच्या शेतात, मी आणि माझ्या सुनेने वाढवलेले बारा लावा पक्षी रीतसर परवानगी घेऊन सोडले.

पिलांशी कोणीही बोलायचे नाही, हा नियम माझाच. माणसाची भीती हेच त्यांचे संरक्षण. खोका उघडताच सगळे गव्हात शिरले. मी समाधानाने म्हणालो, "चला, झालं." त्याबरोबर चौघे माघारी येऊन माझ्या पायाशी थांबले.

सून म्हणाली, "बाबा, रोज पाणी बदलताना गप्पा कोण मारत होतं?"

हान्स यांनी टाळ्या वाजवून त्यांना हुसकावले.

संध्याकाळी त्याच शेताच्या बांधावर कोल्हा दिसला. तेव्हापासून मी खिडकीपाशी उभा आहे. हाक मारली आणि ते आले, तर जिवंत आहेत एवढे कळेल. पण तीच सवय त्यांचा घात करील. तुमच्यापैकी कोणाला गप्प राहणे जमले असते?