आंधळ्या टेकडीवरचा उलटा चर

मस्कतपासून दूर, बिदियाच्या वाळवंटात दयानंद परब रोज सगळ्यांच्या आधी उठायचा आणि आदल्या दिवशीच्या खुणा पुसून टाकायचा. त्याचं कामच ते. ट्रॅक्टरच्या मागे एक जड लोखंडी तुळई, तिच्या खाली जुन्या टायरचे तुकडे तारेने आवळलेले, आणि ती ओढत वाळूच्या टेकड्यांमधून फिरणाऱ्या रस्त्यावर एक पूर्ण फेरी. कुडाळकडे भातलावणीआधी चिखल सपाट करायला बैलांमागे जड फळी ओढतात, तिला गुटा म्हणतात. दयानंदने या तुळईलाही गुटाच म्हटलं, आणि बघता बघता सगळा कॅम्प तेच म्हणू लागला. मालक हमूद, म्हणजे सगळ्यांचे अर्बाब, तेसुद्धा सकाळी कॉफी घेता घेता विचारायचे, "दया, गुटा खलास?"

"खलास, अर्बाब," दयानंद म्हणायचा, आणि त्याला बरं वाटायचं. माणसाला बरं वाटायला फार काही लागत नाही.

मस्कतच्या गाला नावाच्या भागातल्या एका गॅरेजमध्ये त्याने कितीतरी वर्षं काढली होती. तिथेच अर्बाबांनी त्याचा हात ओळखला आणि त्याला वाळवंटातल्या या टूरिस्ट कॅम्पवर आणलं. कॅम्पवर क्वाड होत्या, म्हणजे चार जाड चाकांच्या बाइक. त्या दुरुस्त ठेवायच्या आणि त्यांचा रस्ता सपाट ठेवायचा, एवढं दयानंदचं राज्य. पण राजा कडक होता. त्याची आई गावी अंगण सारवून झालं की वाळेपर्यंत कोंबडीलाही पाय टाकू देत नसे. तोच स्वभाव पोराने वाळूत आणला. पहाटेचं दव पडून वाळू बसलेली असायची, त्यावरून गुटा फिरला की रस्ता असा नितळ दिसायचा, की पाहुणे क्वाडवर बसण्याआधी त्याचे फोटो काढायचे.

त्या रस्त्याचे नियम दोनच. रस्ता एका दिशेनेच जायचा, आणि प्रत्येक क्वाडला मागे उंच लवचीक काठी लावून वर लाल कापड बांधलेलं असायचं. त्याला कारण होती आंधळी टेकडी. फेरीच्या शेवटी रस्ता एका उंच टेकडीच्या माथ्यावरून जायचा, आणि माथ्याच्या पलीकडे काय आहे ते माथ्यावर पोचेपर्यंत कुणालाही दिसायचं नाही. दिसायचं फक्त लाल कापड. पाहुण्यांच्या पुढे वाट दाखवायला उस्मान मुकादम असायचा, श्रीवर्धनचा, दयानंदचा खोलीतला जोडीदार. दोघांचा भात एका पातेल्यात शिजायचा आणि मासे कुणी बिघडवले यावरून रोज भांडण व्हायचं. दयानंद शेडमध्ये कुठल्याही कामात असो, उस्मानचं लाल कापड टेकडीवर चढून पलीकडे उतरलेलं पाहिल्याशिवाय त्याचा जीव भांड्यात पडत नसे.

दोन हजार पंधराच्या हिवाळ्यात अर्बाबांचा पुतण्या माजिद मस्कतहून मोटारसायकली घेऊन आला. त्याही वाळूतल्याच, पण दोन चाकांच्या. मागचं चाक वल्ह्यासारखं वाळू उपसणारं. त्याचे दोस्त दर शुक्रवारी येणार, कॅम्पमध्ये राहणार, जेवणार, आणि दयानंदच्या रस्त्यावर या बाइक चालवणार, असा त्याचा बेत. उघड्या वाळूत चालवा म्हटलं तर मऊ वाळूत त्या रुततात. तयार रस्ता कुणाला नको असतो?

उस्मानने ऐकलं आणि जेवता जेवता घास खाली ठेवला.

"दयाभाय, या गाड्या रस्त्यावर नको. क्वाडची चाकं वाळू दाबून जातात, ही चर पाडून जाते. त्या चरात पाहुण्याचं चाक गेलं तर तो पडलाच समज. आणि काठी बघितलीस का त्यांच्याकडे? ते काठी लावणार नाहीत. शोभत नाही म्हणतात. माथ्यापलीकडून आला तर मला दिसणार काय?"

"एका दिशेनेच आले तर?"

"आले तर ना," उस्मान म्हणाला.

अर्बाब भला माणूस. त्यांनी ठरवायचं दयानंदवर सोपवलं. मजलिसच्या, म्हणजे बैठकीच्या, तंबूत माजिद शेजारीच बसलेला असताना ते म्हणाले, "रस्ता तुम्हारा है, दया. तुम बोलो. बाइक को आने देना, नहीं देना?"

बाहेरून हा मान वाटतो. आतून तो फास होता. नाही म्हणावं तर मालकाच्या घरातल्या पोराशी वैर, आणि व्हिसा त्याच घराच्या हातात. हो म्हणावं तर आंधळी टेकडी डोळ्यांसमोर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दयानंदने दोन दिवस मागून घेतले.

आता या दोन दिवसांत शहाण्या माणसाने काय केलं असतं? उस्मानला घेऊन टेकडीवर गेला असता, अर्बाबांना माथ्यावर उभं केलं असतं, एक बाइक खालून चढवायला लावली असती. दिसलं असतं सगळं. पण दयानंद पडला कोकणातला. आंब्याची फांदी तोडायची तरी देवाला विचारणारी ही माणसं. त्याने गावी थोरल्या भावाला, उल्हासला, फोन लावला.

"दादा, देवळात जावन कौल लाव. गुरवाक सांग, देवाक विचार, ह्या बाइकच्या भानगडीत दयानंदावर काय बालामत येवची नाय मा?"

"तुझ्यावर मा? लावतंय," उल्हास म्हणाला. मागून सुगंधाचा, दयानंदच्या बायकोचा, आवाज आला, "तब्येत सांभाळा म्हणान सांग त्येंका." ती पोरीला घेऊन गावीच राहायची. त्या घराची चूल दयानंदच्या या नोकरीवर पेटत होती, हेही खरंच.

दुसऱ्या दिवशी गुरवाने देवाच्या पाषाणाला पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि उजवी पाकळी पडली. उल्हासने फोनवर ओरडूनच सांगितलं, "उजवो पडलो! तुझ्या केसाक धक्को लागाचो नाय."

दयानंदच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. देवाने सांगितलं म्हटल्यावर आपण कोण? त्याने अर्बाबांना हो सांगितलं. एवढंच म्हणाला की एका दिशेने चालवा आणि काठ्या लावा. माजिदने त्याच्या पाठीवर थाप मारली. "इन्शाल्ला, दया, इन्शाल्ला."

त्या रात्री मासे करपले होते, तरी उस्मानने भांडण काढलं नाही.

पहिल्याच शुक्रवारी काठ्या शेडमध्ये पडून राहिल्या. दुसऱ्या शुक्रवारनंतर शनिवारी पहाटे दयानंद गुटा घेऊन निघाला आणि आंधळ्या टेकडीच्या पलीकडच्या उतारावर थांबला. दवाने घट्ट झालेल्या वाळूत एकच चर होता. वाळू ज्या बाजूला उडून पडली होती त्यावरून सरळ कळत होतं, बाइक उलटी आली होती. हा उतार वेगाने चढून, माथा ओलांडून, शेडच्या बाजूला. चर कडेला कुठे थरथरलासुद्धा नव्हता. चालवणाऱ्याला मजा आली असणार.

दयानंद ट्रॅक्टरवरून उतरला. आजूबाजूला कुणी नव्हतं. वारा नव्हता. एवढ्या उघड्या जागी इतकी शांतता त्याला कधी खुपली नव्हती, त्या दिवशी खुपली. मग त्याने घड्याळ पाहिलं. पाहुणे उठायची वेळ झाली होती, आणि रस्ता असा घाण ठेवणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. त्याने गुटा फिरवला. चर गेला.

उस्मानला सांगितलं तेव्हा तो भडकला.

"पुसलास? अरे दयाभाय, आधी अर्बाबांना आणून दाखवायचास की!"

"परत दिसला तर दाखवतो."

परत दिसला. दर शनिवारी दिसला. कधी एक, कधी दोन, आणि पुढे पुढे माथ्यापाशी तो नाहीसाच व्हायचा, कारण तिथे बाइक हवेत उडालेली असायची. दयानंदने माजिदच्या कानावर घातलं. माजिद हसला आणि इन्शाल्ला म्हणाला. अर्बाबांच्या कानावर घालायला दयानंद एकदा मजलिसपर्यंत गेला, पण तिथे माजिद बसलेला. अर्बाबांनीच विचारलं, "बाइक से रस्ता खराब?" बाहेर तर रस्ता आरशासारखा पसरलेला. दयानंदच म्हणाला, "नहीं, अर्बाब. सब ठीक." आपल्याच हाताने पुसलेलं कुणाला काय दाखवणार? आणि खोलीत परतताना त्याने मनाला समजावलं, कौल उजवा आहे. भितऱ्या माणसाला देव फार सोयीचा पडतो.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी, दुपार कलताना, दयानंद शेडमध्ये एका क्वाडची चेन घट्ट करत होता. पाहुण्यांची रांग शेवटच्या वळणावर आली होती. सवयीने त्याने मान वर केली. उस्मानचं लाल कापड आंधळ्या टेकडीच्या पायथ्याशी होतं, सावकाश वर चढत होतं. पाहुणे नियमाप्रमाणे खालीच थांबले होते, एकेक करून बोलवायचे म्हणून.

तेवढ्यात टेकडीच्या पलीकडून बाइकचा आवाज आला.

दयानंद उभा राहिला. आवाज चढत होता. माथ्याच्या वर मात्र काही नव्हतं, ना काठी, ना कापड, नुसतं पांढरं आकाश. लाल कापड वर चाललंच होतं. "उस्मान!" तो ओरडला. पाना हातातच घेऊन धावत सुटला. "उस्मान, थांब!" क्वाडच्या घरघरीत उस्मानला काय ऐकू जाणार? कापड माथ्यावर पोचलं, एकदा झुकलं आणि दिसेनासं झालं. दोन्ही आवाज एकदम बंद पडले.

बाइकवाला माजिदचा एक दोस्त होता, त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. उस्मानच्या छातीत बाइकचं पुढचं चाक बसलं होतं. त्याला गाडीत घालताना दयानंदने त्याचं डोकं मांडीवर घ्यायचा प्रयत्न केला, पण जागा नव्हती, आणि त्याला मागे राहावं लागलं. इब्र्याच्या हॉस्पिटलच्या वाटेवरच उस्मान गेल्याचा फोन आला.

दयानंद टेकडीच्या पायथ्याशी वाळूत बसला होता. माजिद आणि अर्बाब तिथे आले. माजिदचा चेहरा उतरलेला होता, पण जीभ जाग्यावर होती.

"पोलीस आ रहा है. उस्मान उल्टा आया, दया. समझा? उस्मान गलत साइड आया. यल्ला, गुटा मारो. सब साफ करो."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. दयानंदने अर्बाबांकडे पाहिलं. अर्बाब हातातली जपमाळ ओढत राहिले, वर बघेनात.

माजिद ट्रॅक्टरची किल्ली त्याच्या हातात कोंबून गेला. दयानंदच्या खिशातला फोन वाजला. मघाशी रडत रडत त्याने घरी कळवलं होतं, त्यावर आता उल्हासचा फोन.

"दयग्या, रडा नको. उस्मानाचा वायट झाला. पण देवान तुका राखल्यान बघ. कौल खोटो नाय पडलो."

दयानंदने फोन कानावरून काढला. उल्हास बोलतच होता.

कौल खोटा नव्हताच पडला. विचारलं होतं तेवढ्याचं उत्तर देवाने चोख दिलं होतं. दयानंदवर काही येणार नाही ना, एवढंच विचारलं होतं. उस्मानचं नाव गाऱ्हाण्यात कुणी घेतलं नव्हतं. एका पातेल्यातला भात खाणाऱ्या माणसाचं नाव त्याला सुचलं नव्हतं. हे कळलं तेव्हा दयानंदला इतकी लाज वाटली, की त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मग कानांना वारा लागला. संध्याकाळचा वारा सुटत होता, आणि टेकडीच्या पलीकडे तो चर वाळूने भरायला लागणार होता. गुटा फिरवायची गरजच नव्हती. नुसतं बसून राहिलं तरी काम झालं असतं.

तो उठला आणि स्वयंपाकाच्या तंबूकडे पळाला. भात वाढायच्या मोठ्या पराती सापडल्या तेवढ्या उचलल्या, आणि पलीकडच्या उतारावर जाऊन चरावर एकापुढे एक पालथ्या घातल्या. उरलेल्या दोन माथ्याच्या अलीकडे, उस्मानच्या चाकांच्या खुणांवर. उडू नयेत म्हणून प्रत्येकीच्या कडेला वाळू ओढली. माजिद ओरडत आला, तेव्हा ट्रॅक्टरची किल्ली दयानंदने वाळूत लांब फेकून दिली होती. माजिदने त्याची गचांडी धरली. दयानंद हलला नाही. "मारो, माजिद. परात नको उचलो," एवढंच म्हणाला. अर्बाबांनी खालून काहीतरी अरबीत म्हटलं आणि माजिदचा हात सुटला.

पोलिसांची गाडी आली तेव्हा सूर्य टेकला होता आणि वारा चांगलाच वाहत होता. भोवतालची सगळी वाळू सारखी झाली होती. दयानंदने पहिली परात अलगद उचलली. खाली चर तसाच होता, एका बाजूला उडालेल्या वाळूसकट. पोलीस वाकून बघत राहिला. मग त्याने विचारलं, "पहले भी आता था? उल्टा?"

इथे नाही म्हणता आलं असतं. उस्मानचं नाव तर धुऊन निघालंच होतं.

"हां साब," दयानंद म्हणाला. "हर जुमा. मेरे को मालूम था. मैं रोज मिटाता था."

पोलिसाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि गाडीत बसायला सांगितलं. दयानंदने परात परत चरावर पालथी घातली, कडेला वाळू दाबली आणि गाडीकडे चालू लागला. खिशात फोन पुन्हा वाजत होता. उल्हासच असणार. कौल आता खोटा पडला, हे त्याला सांगायचं राहिलं होतं.